केसपेपरवर जे लिहिलं जात नाही

रिफॅम्पिसिनची गोळी पोटात गेली की काही तासांत लघवीचा रंग नारिंगी, कधी लालसर होतो. घामाला आणि अश्रूंनाही तो रंग चढू शकतो. औषध शरीराबाहेर पडताना आपला रंग घेऊन पडतं, एवढंच. त्यात धोका काही नाही. पण क्षयरोगाचं निदान नुकतंच झालेला, आधीच धास्तावलेला माणूस पहाटे हे बघतो तेव्हा त्याला ते रक्त वाटतं. 'औषधं गरम पडली' असं घरातलं कोणीतरी म्हणतं आणि गोळ्यांचं पाकीट फळीवर जाऊन बसतं. सहा महिन्यांचा उपचार पहिल्याच आठवड्यात थांबतो. हे टाळायला एक वाक्य पुरतं. ते वाक्य कोणी बोलायचं, कधी बोलायचं आणि ते समोरच्याच्या डोक्यात उतरलं की नाही हे कसं ओळखायचं, यावरून जिल्हा रुग्णालयातले एक फिजिशियन आणि नर्सिंगच्या मुलींना शिकवणाऱ्या एक सिस्टर यांच्यात चांगलाच वाद रंगला. अशी दोन माणसं महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात भेटतील आणि दोघांची बाजू ऐकून घेण्यासारखी असेल.

डॉक्टर पन्नाशी ओलांडलेले. माणूस तुसडा नाही. लांबलांबच्या तालुक्यांतून पेशंट त्यांचं नाव विचारत येतात. त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे: आधी निदान बरोबर हवं, मग औषध बरोबर हवं, बोलणं त्यानंतर, वेळ उरला तर. सिस्टरांची निम्मी नोकरी वॉर्डात गेली. औषध कळलं नसेल तर ते दिलं असं धरूच नये, असं त्या मानतात.

"सिस्टर, साधा हिशोब करा," डॉक्टर म्हणाले. "नऊ ते दोन ओपीडी. पाच तास, म्हणजे तीनशे मिनिटं. बाहेर दीडशे केसपेपर. एकाला दोन मिनिटं आली. त्यात तक्रार ऐका, छाती तपासा, बीपी बघा, जुने रिपोर्ट चाळा, औषध लिहा. लघवीच्या रंगाची गोष्ट सांगायला यातलं काय गाळू?"

दोन मिनिटांचा हिशोब फुगवलेला नाही. 67 देशांतल्या प्राथमिक उपचारांच्या भेटी किती वेळ चालतात, याचा आढावा 2017 मध्ये 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात आला होता. बांगलादेशात ही भेट 48 सेकंदांची निघाली, स्वीडनमध्ये 22 मिनिटांहून जास्त. भारताच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं आली.

"दोन मिनिटं खरी, सर. पण त्यातलं पेशंटला बोलायला किती मिळतं?" सिस्टरांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तरही मोजलं गेलं आहे. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी 1984 मध्ये ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटला तोडतात असं दिसलं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, ज्यांना मध्येच तोडलं गेलं त्यांच्यासाठी हा आकडा 11 सेकंदांवर आला होता. ही गर्दीने ओसंडणारी रुग्णालयं नव्हती, तरीही.

"न तोडून चालेल का?" डॉक्टर म्हणाले. "आजोबांना काय होतंय विचारलं तर ते धाकट्याच्या लग्नापासून सुरुवात करतात. गुडघ्यापर्यंत यायला अर्धा तास."

"असं आपल्याला वाटतं. कोणी घड्याळ लावून बघितलंय का?"

बघितलं आहे. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या रुग्णालयात डॉक्टरांना सांगण्यात आलं, की पेशंट आपणहून थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. 335 पेशंट बोलले. सरासरी वेळ निघाला 92 सेकंद. दर पाचांतल्या जवळजवळ चौघांचं बोलणं दोन मिनिटांच्या आत आटोपलं. पाच मिनिटांच्या पुढे गेलेले फक्त सात होते आणि ते जे बोलत होते ते महत्त्वाचं होतं, असं डॉक्टरांनीच सांगितलं. 2002 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

डॉक्टरांनी तो झटकून टाकला नाही, पण मान्यही केला नाही. "दीड मिनिट पेशंटला दिलं तर माझ्याकडे उरतात तीस सेकंद. बासेलच्या डॉक्टरच्या दारात दीडशे माणसं ताटकळत नव्हती. आणखी एक सांगतो. गोड बोलणाऱ्याकडे गर्दी होते हे आपण रोज बघतो. हातात डिग्री नाही, पण पाठीवर हात ठेवतो, 'काकू, काळजी करू नका' म्हणतो, एक सलाईन लावतो. काकू खूश. टीबी मात्र सहा महिने अंगावर. मला तुसडा म्हटलं तरी चालेल, पण मी तिची थुंकी तपासायला पाठवतो."

हा मुद्दा मोलाचा आहे आणि सिस्टरांनी तो तसाच ठेवून उत्तर दिलं. "मी गोड बोलायला सांगतच नाही, सर. मी विचारायला सांगते. 'छातीत गॅस धरलाय' म्हणून माणूस येतो. त्याचं वाक्य तिथंच तोडलं तर त्याला पित्ताची गोळी मिळते. अजून थोडं बोलू दिलं तर तो म्हणतो, चढ चढताना धरतो, बसलं की जातो, डावा हात जड पडतो. मग तुम्हीच त्याला ईसीजीला पाठवता. हे ऐकणं गोडवा आहे की तपासणी?"

"ती हिस्टरी झाली. ती मी सोडत नाही."

"मग आपलं भांडण तेवढ्यापुरतं मिटलं. पण हिस्टरी सगळेच घेतात असं नाही."

त्याचाही पुरावा आहे. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत आणि ग्रामीण मध्य प्रदेशात प्रशिक्षित माणसांना पेशंट बनवून दवाखान्यांत पाठवलं. छातीतली कळ, दमा, घरच्या लेकराचे जुलाब अशा ठरवून दिलेल्या तक्रारी घेऊन ते गेले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मध्य प्रदेशातली भेट सरासरी चार मिनिटांच्याही आत संपत होती आणि विचारायलाच हवेत अशा प्रश्नांपैकी व कराव्यात अशा तपासण्यांपैकी साधारण एक तृतीयांशच होत होत्या. बरेचसे उपचार करणारे पदवी नसलेले होते. डॉक्टर म्हणतात तो गोड बोलणारा माणूस यात होता, आणि सिस्टर म्हणतात ते न विचारलेले प्रश्नही यातच होते.

यानंतर गाडी पुन्हा क्षयरोगावर आली, कारण डॉक्टरांनी आव्हानच दिलं. "बरं, निदान झालं. नवा पेशंट माझ्यासमोर बसलाय. त्याला काय काय सांगायचं ते बोला, मी मोजतो."

सिस्टर बोलत गेल्या. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेल्या गोळ्या, पुढचे चार महिने तीन औषधं. गोळ्या किती ते वजनावर. पस्तीस ते एकोणपन्नास किलोला तीन, पन्नास ते चौसष्टला चार. सगळ्या एकाच वेळी घ्यायच्या, सकाळ-संध्याकाळ वाटून नाही. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. उलट्या होऊन डोळे पिवळे दिसले किंवा नजर अंधुक झाली तर वाट बघायची नाही, लगेच यायचं. महिन्याभरात खोकला कमी होईल, भूक लागेल, वजन वाढेल, आणि नेमकं तेव्हाच औषध सोडावंसं वाटेल, सोडायचं नाही. घरातल्या लहान मुलांना तपासून घ्यायचं. खोकताना तोंडावर रुमाल. दारू बंद. निक्षय पोषण योजनेचे पैसे बँकेत येतात, 2018 मध्ये ते महिना पाचशे होते, नोव्हेंबर 2024 पासून हजार झाले. त्यासाठी पासबुक आणायचं.

"बघा. कानाला ऐकायलाच दोन मिनिटं लागली," डॉक्टर म्हणाले. "आणि यातलं निम्मं तो गेटपाशी विसरणार."

"बरोबर. म्हणूनच तर म्हणते, हे सगळं तुम्ही सांगायचं नाही आणि पहिल्या दिवशी सांगायचं नाही."

इथे दोघांचं अनपेक्षितपणे जुळलं. माणसाची स्मरणशक्ती डॉक्टरांच्या बाजूने साक्ष देते: पेशंटला सांगितलेल्या माहितीपैकी 40 ते 80 टक्के लगेच विसरली जाते, असं रॉय केसेल्स या डच संशोधकाने 2003 मध्ये आधीच्या अभ्यासांवरून दाखवलं होतं. जितकं जास्त सांगावं तितका विसरण्याचा वाटा मोठा. मग उपाय काय? गप्प बसणं हा नाही. सांगण्याची वाटणी करणं हा आहे.

सिस्टरांची वाटणी अशी. डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगायची, पण स्वतः सांगायची: हा टीबी आहे, पूर्ण बरा होतो, औषध सहा महिने. हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून आलं तरच घरी टिकतं, कारण सासू विचारते 'डॉक्टर काय म्हणाले', सिस्टर काय म्हणाल्या असं कोणी विचारत नाही. लघवीचा रंग, गोळ्यांची वेळ आणि कधी धावत यायचं, या तीन गोष्टी गोळ्या हातात देणाऱ्याने तिथल्या तिथे सांगायच्या. पासबुक, घरच्यांची तपासणी आणि रुमाल हे टीबी हेल्थ व्हिजिटरने आठवड्याच्या आत. 'बरं वाटतंय म्हणून सोडू नका' हे आशाताईने महिन्याभराने, जेव्हा खरोखर बरं वाटायला लागलेलं असतं. पहिल्या दिवशी हे सांगून उपयोग नाही. तेव्हा माणसाला कधी बरं वाटेल यावरच विश्वास नसतो.

"आणि बाईमाणूस असेल तर एक गोष्ट वाढवायची," त्या म्हणाल्या. "रिफॅम्पिसिन चालू असताना पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. माला-एन घेणाऱ्या बाईला हे सांगायलाच हवं, दुसरी सोय करून द्यायला हवी. टीबीचं औषध चालू असताना दिवस गेले तर तिच्या डोक्याला केवढा घोर. तुमच्या टेबलाभोवती चार माणसं, मागे पुढचा नंबर उभा. तिथं ती बोलेल का?"

डॉक्टर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाही बोलणार. पण यात माझ्या वागण्याचा काय दोष? पडदा नाही, वेगळी खोली नाही."

"दोष नाही म्हणत. पडदा लागतो, हेच म्हणते. आपण थुंकीच्या डबीसाठी मागणी करतो, ग्लोव्हजसाठी करतो. पडद्यासाठी का नाही करत?"

खरं म्हणजे बोलणं हा डॉक्टरांच्या स्वभावाचा भाग मानला जातो तिथेच घोटाळा होतो. एक डॉक्टर बोलका, एक घुमा. बोलक्याचे पेशंट नशीबवान. इंजेक्शन देण्याबद्दल आपण असं म्हणत नाही. ते कामच आहे, त्याची रीत आहे, ती शिकवतात आणि चुकली तर कोणीतरी हात धरतं. बोलण्याचीही रीत असू शकते, हे भारतीय वैद्यकीय शिक्षणाने अधिकृतपणे उशिरा मान्य केलं. त्या वेळच्या मेडिकल कौन्सिलने वृत्ती, नीती आणि संवाद या विषयांचा अभ्यासक्रम 2018 मध्ये तयार केला आणि 2019 च्या एमबीबीएस तुकडीपासून तो लागू झाला. आज विभागप्रमुख असलेली पिढी मात्र सिनिअरांकडे बघून बोलायला शिकली. सिनिअर जसे बोलत तशी तीही बोलते.

"रीत म्हणता, तर एक रीत दाखवा," डॉक्टर म्हणाले.

सिस्टरांनी जुलाब लागलेल्या बाळाचं उदाहरण घेतलं. आईला ओआरएसचं पाकीट दिलं जातं, 'पाण्यात घालून पाजा' असं सांगितलं जातं आणि विचारलं जातं, 'समजलं का?' आई मान हलवते. समजलं का, या प्रश्नाला कोणीच नाही म्हणत नाही. घरी ती पेलाभर पाणी घेते, पाकीट फोडते आणि चिमूटभर टाकते, उरलेलं उद्यासाठी दुमडून ठेवते. किंवा अख्खं पाकीट त्या पेल्यात रिकामं करते. पहिल्या तऱ्हेत औषधाचा जोर नाही. दुसऱ्या तऱ्हेत मीठ इतकं जास्त होतं की बाळाचं दुखणं वाढू शकतं. पाकीट असतं एक लिटर पाण्यासाठी.

"म्हणून आमच्या मुलींना मी विचारायला लावते: 'ताई, घरी गेल्यावर पाणी कशात घ्याल, दाखवा.' ती म्हणते, तांब्यात. तांब्या केवढा? ती हाताने दाखवते. मग आपण पाण्याची लिटरची बाटली तिच्या हातात देतो. ही बाटली भरून, अख्खं पाकीट, चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. झिंकची गोळी चमच्यात विरघळवून, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. मग म्हणायचं, आता मी सासूबाई आहे, मला सांगा काय करायचं. ती सांगते. जिथं अडखळते तिथं आपलं सांगणं कमी पडलं, तिची अक्कल नाही."

या पद्धतीत परीक्षा सांगणाऱ्याची असते. इंग्रजी वैद्यकीय जगात तिला 'टीच-बॅक' म्हणतात. दम्याचा पंप, इन्सुलिनची सुई, रक्त पातळ करणारी गोळी, जिथे जिथे उपचाराचा शेवटचा टप्पा घरात पार पडतो, तिथे ती लागू पडते. पंप तोंडात धरून दाबण्याआधी श्वास सोडला का, ओढताना सावकाश ओढला का, मग दहा सेकंद धरून ठेवला का, हे ऐकून कळत नाही. करून दाखवायला सांगावं लागतं.

"मिनिटभर लागतं याला," डॉक्टर म्हणाले.

"लागतं. पण तेच बाळ परत ॲडमिट झालं तर किती लागतं?"

यावर डॉक्टरांनी वाद घातला नाही. मुद्दा मात्र बदलला. वॉर्डातल्या राउंडबद्दल ते म्हणाले, की तिथे वेळ देऊनही पेशंट तक्रार करतात, 'डॉक्टर आले नि गेले'. कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयात याच तक्रारीचा छडा लावला गेला. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर सर्जन कधी पेशंटच्या खाटेपाशी उभे राहिले, कधी खुर्चीवर बसले. उभे राहिले तेव्हा सरासरी 1 मिनिट 28 सेकंद थांबले, बसले तेव्हा 1 मिनिट 4 सेकंद. पेशंटना मात्र बसलेले डॉक्टर पाच मिनिटांहून जास्त वेळ होते असं वाटलं आणि उभे असलेले पावणेचारच्या आसपास. 2012 सालचा हा अभ्यास. वेळ कमी गेला, पेशंटच्या हिशोबात जास्त भरला.

"आपल्या मेल वॉर्डात एक स्टूल धड नाही," डॉक्टर हसून म्हणाले, पण लगेच गंभीर झाले. "हे मी मान्य करतो. याला पैसे लागत नाहीत, वेळ लागत नाही."

भाषेचा विषय निघाला तेव्हा पारडं सिस्टरांकडे झुकलं. 1973 मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे गडचिरोलीतल्या हेमलकशाला गेले तेव्हा आसपासचे माडिया आदिवासी दवाखान्यापासून लांबच राहत. दोघांनी माडिया शिकून घेतली, तेव्हा कुठे माणसं जवळ आली. त्याच गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले: 92 टक्के बायकांना स्त्रीरोगविषयक कुठला ना कुठला आजार होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. अंगावरून जातंय, कंबर मोडतेय, हे त्या बायकांना ठाऊक होतं. त्यांना त्यांच्या बोलीत, एकांतात, कोणी बाईनं विचारलं नव्हतं. पुढे बंग दाम्पत्याच्या 'सर्च' संस्थेने रुग्णालय उभारताना लोकांना विचारलं, मोठ्या इमारतीची भीती वाटते हे ऐकलं आणि गोंडांच्या खेड्यासारखं, नातेवाईकांना राहता येईल असं रुग्णालय बांधलं. नाव दिलं माँ दंतेश्वरीचं.

"ही सगळी ध्येयवेडी माणसं," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी आयुष्य वाहिलं. माझ्या हाताखालचा मेडिकल ऑफिसर बाँडवर आलाय, वर्षाने जाणार. त्याच्याकडून कोरकू शिकायची अपेक्षा करायची?"

"भाषा नको. वीस वाक्यं शिकू दे. कुठं दुखतं, कधीपासून, जेवण जातं का, बाळ पितं का. उरलेलं आशा सांगेल. पण आशा दुभाषी म्हणून बसली तर ते तिचं काम म्हणून धरा, उपकार म्हणून नको."

मग वाद अशा जागी आला, जिथे दोघांचं अखेरपर्यंत जुळलं नाही.

संमती कोणाची घ्यायची, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात नियम घालून दिला. दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी संमती दिलेली एक सज्ञान, अविवाहित स्त्री भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजाशय काढण्यात आले होते. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर सज्ञान पेशंटच्या वतीने दुसऱ्या कोणालाही संमती देता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. कायदा स्पष्ट आहे. ओपीडीबाहेरच्या व्हरांड्यात मात्र मुलगा डॉक्टरांना गाठतो आणि हात जोडून म्हणतो, 'बाबांना कॅन्सर म्हणून सांगू नका. गाठ आहे म्हणा.'

"मी काय करू?" डॉक्टरांनी विचारलं. "मुलानं शेत गहाण टाकलंय. मुंबईला तोच घेऊन जाणार, टाटाला रांगेत तोच उभा राहणार. बाबा स्वतः म्हणतात, 'मला काय कळतंय, पोराला सांगा.' आपल्याकडे आजार एकट्याचा नसतो, सिस्टर. कायद्यात पेशंट एकटा आहे, घरात नाही."

"मुलाचं मन मोडू नका. त्याला आत घ्या, शेजारी बसवा. पण बाबांना एकदा विचारा: 'तुमच्या आजाराबद्दल किती माहिती हवी? सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?' ते मुलाशी बोला म्हणाले, तर तो त्यांचा निर्णय. मुलाने परस्पर घेतलेला नाही."

वाईट बातमी सांगण्याची जी सहा पायऱ्यांची पद्धत ह्यूस्टनच्या वॉल्टर बेल आणि टोरंटोच्या रॉबर्ट बकमन या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये मांडली, तिची तिसरी पायरी नेमकी हीच आहे: सांगण्याआधी किती ऐकायचं आहे ते विचारणं. त्याआधी निवांत जागा आणि पेशंटला आत्तापर्यंत काय कळलंय याची विचारपूस. त्यानंतर साध्या शब्दांत माहिती, मग त्याला रडायला, गप्प बसायला वेळ, आणि शेवटी पुढे काय करायचं.

"किती सांगू, असं विचारलं की तो समजतोच," डॉक्टर म्हणाले.

"त्याला आधीच समजलेलं असतं, सर. केमोच्या वॉर्डात आणून टाकल्यावर 'साधी गाठ' कोण मानतो? बाबा मुलासाठी गप्प, मुलगा बाबांसाठी गप्प. शेताची वाटणी, बहिणीला बोलावणं, कुठल्या देवाला जायचं, सगळं राहून जातं."

"आणि ऐकून हाय खाल्ली तर? तेवीस वर्षांच्या इंटर्ननं हे सांगितलं, नीट जमलं नाही, तर निस्तरणार कोण?"

"इंटर्ननं सांगूच नये. तिथं सिनिअरच हवा."

डॉक्टर 'मुलाच्या मनाविरुद्ध मी सांगणार नाही' यावर ठाम राहिले. सिस्टर 'निदान विचारल्याशिवाय लपवू नका' यावर. दोघांच्याही मनात पेशंटचीच काळजी होती, आणि म्हणूनच हा तिढा सोपा नाही. मराठी घरांत तो रोज नव्याने पडतो.

तेवीस वर्षांच्या इंटर्नचा उल्लेख मात्र दोघांना दुसरीकडे घेऊन गेला. मार्च 2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला बेदम मारहाण झाली, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि त्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले. आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, असा कायदा महाराष्ट्रात 2010 पासून आहे. तरी हल्ले थांबलेले नाहीत.

"हल्ल्याचं खापर आमच्या न बोलण्यावर फोडू नका," डॉक्टरांचा आवाज चढला. "व्हेंटिलेटर नाही, बेड नाही, स्पेशालिस्टची जागा रिकामी. हे सगळं ज्याच्या हातात नाही, तो पोरगा मार खातो."

"अजिबात फोडत नाही. मारणारा गुन्हेगारच. पण त्याला एकट्याला बाहेर कोण पाठवतं? आयसीयूचं दार चार तास उघडत नाही, मग उघडतं ते थेट वाईट बातमी घेऊन. दर दोन तासांनी एका सिनिअरने बाहेर येऊन सांगितलं, बीपी टिकत नाहीये, औषध वाढवलंय, आशा कमी आहे, तर माणसं तयार होतात."

डॉक्टर आणि पेशंट यांच्यातल्या बोलण्याचा तक्रारींशी संबंध असतो, याला एक जुना पुरावा आहे. वेंडी लेविन्सन यांच्या गटाने 1997 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांची ध्वनिमुद्रणं ऐकली. ज्यांच्यावर दावे झाले नव्हते ते प्राथमिक डॉक्टर पेशंटला सरासरी 18.3 मिनिटं देत, दावे झालेले 15. फरक तीन मिनिटांचा. शिवाय दावे न झालेले डॉक्टर 'आधी तपासतो, मग तुमचे प्रश्न घेऊ' असं पुढचं आधी सांगत आणि पेशंटला त्याचं मत विचारत. सर्जनांच्या बाबतीत मात्र असा फरक आढळला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. बोलण्याने सगळे दावे टळतात असं म्हणता येत नाही.

शेवटी दोघांनी कागद घेतला. डॉक्टरांच्या मागण्या वर आल्या: ओपीडीत दुसरा डॉक्टर, जिल्ह्यात रिकाम्या पडलेल्या जागा भरणं, टीबीच्या खिडकीपाशी पडदा. सिस्टरांच्या खाली: समुपदेशकाची जागा, वॉर्डात प्रत्येक चार खाटांमागे एक स्टूल, आयसीयूबाहेर सिनिअरने बोलण्याची ठरलेली वेळ. सातव्या मुद्द्यावर पुन्हा वाजलं. सिस्टरांना केसपेपरवर औषधांच्या खाली एक ओळ हवी होती: पेशंटने काय समजलं ते.

"चौकोन छापा, बरोबरची खूण करा," डॉक्टर म्हणाले. "आठवड्यात सगळ्या केसपेपरवर खुणा दिसतील. न विचारताच."

"म्हणून चौकोन नको. पेशंटचे शब्द लिहायचे. 'लाल लघवी झाली तरी गोळ्या सोडणार नाही.' 'एक पाकीट, एक बाटली.' एवढंच. जे पेशंटने म्हटलंच नाही ते लिहिता येत नाही."

"आणि वाचणार कोण?"

"पुढच्या भेटीला जो डॉक्टर असेल तो. त्याला तिथून पुढे विचारायला सोपं जाईल."

डॉक्टरांनी ती ओळ खोडली नाही. फक्त कंसात भर घातली: सुरुवातीला तीन महिने, टीबी आणि बालरोग ओपीडीत, मग मोजून बघू.